सुतळी

सराव असो, सामना असो, सकाळी सातला मी रेषा घालते.
आधी सुतळी, मग तिच्यावर चिकटपट्टी,
मग रांगत रांगत अंगठ्याने दाबत जायचं
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
शौल्यायमध्ये जानेवारीत या हॉलची लाकडी जमीन
मोज्यांतूनही चावते.
खेळणाऱ्यांना रेषा दिसत नाही, बोटांना लागावी लागते.
मलाही दिसत नाही. म्हणूनच हे काम माझ्याकडे आलं.

काउनसहून एइमुतिस नावाचा पोरगा आला, शिडी घेऊन.
छताला चार कॅमेरे टांगले.
कुठे बघतायत ते? मी विचारलं.
सगळीकडे, म्हणाला.
मला त्यांचा आवाज लागला, शेजारच्या घरातल्या
फ्रिजसारखा, अगदी बारीक.
तेवढा बंद कर, प्रशिक्षक स्किरमांतस म्हणाले.
गोलबॉलमध्ये शांतता हाच उजेड.
चेंडूतले घुंगरू त्या उजेडात दिसतात.

पहिल्याच दिवशी वायदोतस चेंडूला आडवा झाला,
हात डोक्यामागे ताणलेले, पाय लांब,
सव्वा किलोचा चेंडू पोटावर थडकला,
आणि टॅबलेट गोड आवाजात म्हणाला:
व्यक्ती पडली आहे. मदत बोलावू का?

तासाभरात एक्केचाळीस वेळा.
हसून हसून आम्ही भिंतीला टेकलो.
रखवालदारीण युर्गा खरंच औषधांची पेटी घेऊन धावली.
एइमुतिस हसला नाही.
याला शिकवणाऱ्यांनी
उभी माणसंच दाखवली असणार, म्हणाला.
तीन रात्री हॉलमध्ये झोपला,
एकेक पडणं उघडून त्यावर लिहीत गेला
अडवलं. अडवलं. अडवलं.

मग यंत्र शहाणं झालं.
मार्चमध्ये त्याने रिमगैलेला सांगितलं,
उजव्या कोपऱ्यात टाकण्याआधी तुझा डावा बूट घासतो.
पाव सेकंद. दर वेळी.
ती डोळ्यांवरची पट्टी न काढताच बाकावर बसली.
अकरा वर्षं!
म्हणजे अंकाराला ऐकलं असेल त्यांनी,
माल्मोला ऐकलं असेल.
मी ऐकलं होतं का? ऐकलं होतं.
मला वाटायचं, असेल तिची लकब,
एखाद्याचं खाकरणं असतं तशी.
आठवडाभर तिने त्या चुगलखोर बुटाला शिव्या घातल्या,
मग मुद्दाम घासून डावीकडे टाकू लागली.
शनिवारी तीन गोल.
स्किरमांतसांनी टॅबलेटची पाठ थोपटली. आवाज मी ओळखते,
माझीही थोपटायचे, मी खेळत होते तेव्हा.

आणि एप्रिलातला तो गुरुवार.
वायदोतस आडवा झाला. चेंडू या वेळी छातीवर.
घुंगरू थांबले.
उत्कृष्ट अडवणूक, टॅबलेट म्हणाला,
या महिन्यातली सर्वोत्तम.
थांबा, रिमगैले ओरडली.

चेंडू हाती आला की तो मधल्या बोटाने
जमिनीवर दोनदा टकटक करतो,
आपल्या माणसांना कळावं म्हणून.
टकटक आली नाही.
वर आकडे वाचले जात होते, खांद्याचा कोन,
झेपेचा वेळ,
आणि खाली ती माझी सुतळी चाचपत
त्याच्याकडे सरकत होती.

त्याचं हृदय पुन्हा चालू करायला
सहा मिनिटं लागली.
आता घरी आहे. बिटाचं सूप पितो,
डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडतो.

एइमुतिस परत आला. शिडी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला,
चढल्याचा नाही.
माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला.
टकटक किती जोरात असते?
मी त्याच्या तळहातावर वाजवून दाखवली.
पुन्हा, म्हणाला.
पुन्हा वाजवली.
बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,
सुतळीचं ते टोक द्या इकडे, मी धरतो.

डोळे मिट आधी, मी म्हटलं,
नाहीतर तिरकी लावशील.